वाचकांचे प्रश्न : हप्ता गाडीचा की वयाचा?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गेल्या काही महिन्यांपासून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत आहे. पहिली मोटारसायकल घेणारे तरुण विम्याचा आकडा ऐकून चक्रावून जातात, घरची मंडळी कपाळाला हात लावतात आणि मग हप्ता खाली आणण्याच्या वाटा शोधल्या जातात. त्यांतल्या काही वाटा रास्त असतात, तर काही थेट खड्ड्यात नेतात. अपघाताच्या दाव्यांची कागदपत्रे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे या दोहोंतला फरक मला अगदी जवळून पाहता आला, आणि म्हणूनच या वेळची सगळी जागा या एकाच विषयाला दिली आहे. विम्याचे नियम देशागणिक वेगळे असतात. काही ठिकाणी तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना होणाऱ्या हानीच्या विम्याचा, हप्ता नियामकच ठरवून देतो आणि त्यात वयाचा विचार नसतो. वयाचा भार पडतो तो विम्याच्या उरलेल्या भागावर. तेव्हा खालील उत्तरांतली तत्त्वे सर्वत्र उपयोगी पडतील, पण नेमकी अट प्रत्येकाने आपल्या पॉलिसीच्या कागदात वाचूनच निर्णय घ्यावा. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय वीस वर्षे आहे. परवाना मिळून आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत गाडीला साधा ओरखडाही आलेला नाही. तरीही त्याच गाडीसाठी वडिलांच्या नावाने जो हप्ता सांगण्यात आला, त्याच्या जवळजवळ तिप्पट माझ्या नावाने सांगण्यात आला. इतरांच्या बेदरकारपणाचा भुर्दंड मी का भरायचा?

उत्तर : तुमच्या रागात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. तुम्ही जपून गाडी चालवता आणि तरीही तुम्हाला न जपणाऱ्यांच्या रांगेत उभे केले जाते, याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हप्ता ठरवणाऱ्याच्या जागी क्षणभर बसून पाहा. त्याने तुम्हाला गाडी चालवताना कधीही पाहिलेले नाही. तुमचे वय, परवान्याची तारीख, गाडीचे मॉडेल आणि ती रात्री कुठे उभी राहते, एवढ्याच चार-पाच गोष्टी त्याच्या हाती आहेत. तुमचे आठ महिने निष्कलंक गेले हे खरे असले, तरी त्यातून त्याला फारसे काही कळत नाही. समजा, तुमच्या वयोगटातील शंभर चालकांपैकी सहा जण वर्षभरात दावा करतात. याचा अर्थ उरलेल्या चौऱ्याण्णव जणांचे वर्ष निर्विघ्न जाते, आणि त्या चौऱ्याण्णव जणांत जपून चालवणारे जसे असतात तसे बेफाम चालवूनही नशिबाने वाचलेलेही असतात. पहिल्या वर्षाच्या कोऱ्या पाटीवरून या दोघांना वेगळे काढता येत नाही. चार-पाच वर्षांच्या कोऱ्या पाटीवरून ते बऱ्याच प्रमाणात काढता येते. तुमच्या हप्त्यातला मोठा भाग हा तुमच्या चुकीचा दंड नसून तुमची ओळख अजून पटलेली नसल्याची किंमत आहे.

मग सगळ्यांकडून सारखाच हप्ता का घेत नाहीत, असे तुम्ही विचाराल. समजण्यासाठी आणखी एक कल्पित हिशेब मांडतो. एक हजार तरुण चालकांकडून वर्षाला साठ दावे येतात आणि एक हजार अनुभवी चालकांकडून वीस. दोघांना एकाच दराने हप्ता लावला, तर तो दोन हजारांमागे ऐंशी दाव्यांचा, म्हणजे हजारामागे चाळीस दाव्यांचा होईल. अनुभवी माणूस स्वतःच्या जोखमीच्या दुप्पट पैसे मोजेल. असे वर्ष-दोन वर्षे चालेल, मग दुसरी एखादी कंपनी केवळ अनुभवी चालकांना वीस दाव्यांचा दर देऊ करील आणि ते सगळे तिकडे निघून जातील. मागे उरतील ते तरुण, आणि त्यांचा हप्ता पुन्हा साठ दाव्यांच्या हिशेबावर येऊन ठेपेल. वयावरून विम्याचे गणित मांडण्याची पद्धत आजची नाही. ज्यांच्या नावाचा धूमकेतू आपण सर्वजण जाणतो त्या एडमंड हॅले यांनी १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून वयानुसार कोष्टक तयार केले आणि पुढच्या शतकात आयुर्विम्याचे हप्ते वयाप्रमाणे आकारले जाऊ लागले. वाहनविम्याने तीच वाट धरली. फरक एवढाच, की आयुर्विम्यात वय वाढते तसा हप्ता चढतो आणि मोटारसायकलच्या विम्यात तो प्रौढ वयापर्यंत उतरत जातो.

आता मुळातला प्रश्न, तरुणांकडून दावे खरोखरच जास्त येतात का? येतात. रस्ते अपघात हे पाच ते एकोणतीस वर्षे वयाच्या मुला-तरुणांच्या मृत्यूचे जगातील सर्वांत मोठे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोटारसायकलच्या अपघातांचा एक अत्यंत बारकाईने केलेला अभ्यास अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे नऊशे अपघातांच्या जागी स्वतः जाऊन त्यांनी पाहणी केली आणि १९८१ साली अहवाल प्रसिद्ध केला. सोळा ते चोवीस वर्षांच्या चालकांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने अपघातांत बरेच जास्त आणि तीस ते पन्नास वयाच्या चालकांचे कमी, असे त्यात आढळले. त्याहूनही मला महत्त्वाची वाटते ती दुसरी नोंद. अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक चालकांना, एकूण अनुभव कितीही असो, अपघाताच्या वेळी हाताखाली असलेल्या त्या विशिष्ट गाडीचा अनुभव पाच महिन्यांपेक्षाही कमी होता. नव्या गाडीचा ब्रेक किती दाबल्यावर चाक अडते, वळणावर ती किती झुकू देते, मागे कोणी बसले की तिचा तोल कसा बदलतो, हे अंगात मुरायला वेळ लागतो आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो.

याच अहवालात असेही दिसले, की दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत मोटारसायकलस्वाराचा मार्गहक्क, म्हणजे आधी पुढे जाण्याचा हक्क, दुसऱ्या वाहनचालकाने मोडला होता. मग आमचा काय दोष, असे तुम्ही म्हणाल आणि ते बरोबरच असेल. परंतु समोरचा चालक आपल्याला पाहणार नाही असे गृहीत धरून चालवण्याची सवय वर्षांनीच लागते. चौकात उभ्या असलेल्या मोटारीचे पुढचे चाक किंचित वळताना दिसले की अनुभवी माणसाची बोटे आपोआप ब्रेकवर जातात. नवख्याची नजर तेव्हा त्या मोटारीच्या चालकाच्या चेहऱ्याकडे असते, आणि चेहरा फसवतो. ही जाणीव कोणत्याही परवान्याच्या चाचणीत तपासली जात नाही.

तुमच्या हाती काय आहे, हेही सांगतो. हर्ट यांच्या पाहणीतील ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्या-मित्रांच्या मदतीने गाडी शिकलेले होते. परवाना मिळाल्यानंतरचे रीतसर प्रशिक्षण घेतल्यास काही कंपन्या हप्त्यात सूट देतात. तशी सूट आहे का, हे प्रस्तावपत्र, म्हणजे विम्याचा अर्ज, भरण्याआधीच विचारावे, कारण मागितल्याशिवाय ती क्वचितच मिळते. प्रशिक्षणाचे शुल्क या सवलतीतून भरून निघाले नाही तरी ते घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. एकाच कंपनीचा आकडा अंतिम समजू नये. तरुण चालकांबद्दल प्रत्येक कंपनीचा अनुभव वेगळा असल्यामुळे त्यांच्या दरांत मोठी तफावत असते. आणि विम्यात एक दिवसाचाही खंड पडू देऊ नये.

प्रश्न : माझ्या मुलाच्या गाडीचा हप्ता आम्हाला परवडण्यासारखा नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने सुचवले, की गाडी आणि विमा दोन्ही माझ्या नावावर घ्या आणि मुख्य चालक म्हणून माझेच नाव लिहा, म्हणजे हप्ता निम्म्यावर येईल. मला दुचाकी चालवता येते, परवानाही आहे, पण खरे सांगायचे तर गाडी रोज मुलगाच चालवणार आहे. असे केले तर बिघडेल काय?

उत्तर : ताई, कृपया असे करू नका. तुमच्या पत्रातला प्रामाणिकपणा पाहून अधिक कळकळीने लिहितो आहे, कारण हा सल्ला सगळीकडे अगदी सहज दिला जातो आणि देणाऱ्याला त्याची झळ कधीच लागत नाही.

विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार मानला जातो. कंपनीला जोखमीविषयी जे काही कळते ते तुमच्या तोंडून कळते, म्हणून तिने विचारलेल्या प्रश्नांची तुम्ही खरी उत्तरे द्यावीत, ही त्या कराराची पायाभूत अट असते. मुख्य चालक म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे तो नव्हे, तर ती सर्वांत जास्त जो चालवतो तो. मालकी तुमची असणे यात काहीही गैर नाही. ‘ही गाडी प्रामुख्याने कोण चालवणार’ या रकान्यात तुमचे नाव लिहिणे मात्र खोटे विधान ठरते आणि कित्येक देशांत ती फसवणूक समजली जाते.

अशाच एका दाव्याची कागदपत्रे माझ्यापुढे आली होती, ती अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. प्रस्तावपत्रावर मुख्य चालक म्हणून वडिलांचे नाव होते, वय ५२. सोबत जोडलेल्या सर्व्हिसिंगच्या पाचही पावत्यांवर मुलाची सही होती. गाडीच्या फोटोत पुढच्या मडगार्डवर महाविद्यालयाच्या वाहनतळाचे स्टिकर होते, त्यावर चालू वर्षाचा शिक्का होता. अपघाताची वेळ सकाळी सव्वासातची, आणि त्या वेळी वडील रोज कामावर असत, हे त्यांच्याच जबाबात आले होते. कोणी खास तपास केलाच नव्हता. कागदांनीच सगळे सांगून टाकले. गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला गेला. खरी आपत्ती मात्र त्यानंतर आली. त्या अपघातात एक पादचारी जखमी झाला होता. अशा वेळी जखमी व्यक्तीचे नुकसान होऊ नये म्हणून अनेक ठिकाणी कायदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतो आणि मग ती रक्कम विमा घेणाऱ्याकडून वसूल करण्याची मुभा देतो. त्या कुटुंबाने तीन वर्षांत हप्त्यावर जेवढे वाचवले होते, त्याच्या कितीतरी पट रक्कम त्यांच्याकडे मागण्यात आली. मुलगा वाईट नव्हता. वडीलही लबाड नव्हते. त्यांना कोणीतरी एक रकाना ‘असा भरा’ म्हणून सांगितले होते, एवढेच.

यात आणखी एक तोटा आहे, तो उशिरा लक्षात येतो. विमा तुमच्या नावावर आणि मुख्य चालकही तुम्हीच असाल, तर दावा न करता गेलेल्या वर्षांचे श्रेय, म्हणजे त्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमच्या खात्यावर जमा होईल. मुलगा पंचविसाव्या वर्षी स्वतःच्या नावाने विमा घ्यायला जाईल तेव्हा त्याच्या खात्यावर असे एकही वर्ष नसेल, आणि तेव्हाही त्याला नवख्याचा हप्ता भरावा लागेल.

यावर एक सरळ मार्ग आहे. मुख्य चालक म्हणून मुलाचेच नाव द्या. तुम्ही स्वतः अधूनमधून ती गाडी खरोखर चालवणार असाल, तर अतिरिक्त चालक म्हणून तुमचे नाव जोडण्याबद्दल विचारा. अनुभवी व्यक्तीचे नाव जोडल्याने काही कंपन्यांकडे हप्ता थोडा उतरतो आणि यात लपवण्यासारखे काहीच नसते. तरीही आकडा आवाक्याबाहेर राहिला, तर गाडी लहान घ्या किंवा वर्षभर थांबा, पण रकाना खरा भरा.

प्रश्न : शंभर-सव्वाशे सीसीची गाडी घ्यावी की एकदाच मोठी घेऊन टाकावी, या विचारात आहे. दोन्हींच्या हप्त्यांत एवढा फरक का?

उत्तर : इंजिनाची क्षमता हा त्यातला एकच भाग आहे. गाडीची ताकद, वजनाच्या मानाने तिचा वेग, सुट्या भागांची किंमत आणि त्या मॉडेलच्या चोऱ्या किती होतात, हे सगळे मिळून गाडीचा गट ठरतो. पुढून-बाजूने आच्छादन असलेली स्पोर्ट्‌स धाटणीची गाडी जागच्या जागी आडवी झाली तरी एका बाजूचे पूर्ण आवरण, आरसा, इंडिकेटर आणि हँडलचा टोकाचा भाग बदलावा लागतो. साध्या उघड्या बांधणीच्या गाडीला त्याच पडण्यात फार तर लिव्हर वाकल्याचा खर्च येतो. म्हणून एकाच क्षमतेच्या दोन गाड्यांचे हप्तेही सारखे नसतात.

नवख्याने लहान गाडीपासून सुरुवात करावी, हे केवळ विमा कंपन्यांचे मत नाही. युरोपीय संघात २०१३ पासून लागू असलेल्या परवाना नियमांत मोटारसायकलींच्या पायऱ्याच ठरवून दिल्या आहेत. पहिली पायरी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतची, दुसरी ३५ किलोवॅटपर्यंतची आणि त्यानंतर कोणत्याही ताकदीच्या गाडीची. दुसऱ्या पायरीवर दोन वर्षे काढलेल्याला वरच्या पायरीवर विसाव्या वर्षी जाता येते, थेट जाऊ पाहणाऱ्याला सर्वसाधारणपणे चोवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तुमच्या इथे असा नियम असो वा नसो, ही चढण स्वतःहून स्वीकारण्यात शहाणपण आहे आणि विम्याचा हिशेबही तेच सांगतो. मोठी गाडी मनात भरली असेल तर ती दोन-तीन वर्षे लांबणीवर टाका. तेवढ्या काळात दावा नसल्याची सूट साठेल, वय पुढे सरकेल आणि त्याच गाडीचा हप्ता तेव्हा बराच हलका झालेला असेल.

गाडी निवडताना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक अडू न देणारी यंत्रणा, असलेलीच घ्या. घाबरून ब्रेक करकचून दाबणे ही नवख्याची सर्वांत सामान्य चूक असते आणि पुढचे चाक अडले की मोटारसायकल सावरता येत नाही. एबीएस नेमकी तीच चूक पदरात घेते. हप्त्यात त्याची सूट मिळो न मिळो. आणि आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी त्या नेमक्या मॉडेलच्या हप्त्याचा आकडा लेखी मागवा. गाडी दारात आल्यावर हा आकडा पाहणारे बरेच असतात आणि मग आधीच्या पत्रातल्यासारखे सल्ले गोड वाटू लागतात.

एक सूचना जाता जाता : सायलेन्सर बदलणे, हँडल बदलणे, इंजिनाची ताकद वाढवणे यांतला कोणताही बदल कंपनीला कळवल्याशिवाय करू नये. कंपनीने उतरवलेला विमा कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो.

प्रश्न : मुली सावकाश गाडी चालवतात असे सगळेच म्हणतात. मग मला माझ्या भावाइतकाच हप्ता का?

उत्तर : काही देशांत स्त्री चालकांना कमी हप्ता लावला जातो, काही ठिकाणी तसे करण्यास मनाई आहे. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी निकाल दिला, की विम्याचा हप्ता ठरवताना स्त्री-पुरुष असा भेद करणे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, आणि २१ डिसेंबर २०१२ पासूनच्या नव्या करारांना तो लागू झाला. त्यापूर्वी तिथे तरुण मुलींना मिळणारा कमी दर त्यामुळे बंद झाला. वयाला त्या निकालाने हात लावला नाही. मला स्वतःला स्त्री-पुरुष हा भेद पटत नाही. लिंग वर्षांबरोबर बदलत नाही; वय निदान आपोआप पुढे जाते आणि प्रत्येकाला त्या गटातून बाहेर पडण्याची संधी मिळते. तुमच्या सावकाशपणाचे फळ तुम्हाला दावा नसलेल्या वर्षांच्या सवलतीतून मिळेल. गाडीत नोंद घेणारे यंत्र बसवून किंवा मोबाइलमधील अ‍ॅपद्वारे ब्रेक, वेग आणि अंतर यांची माहिती देण्याची योजना तुमच्याकडे उपलब्ध असेल, तर तुमच्यासारख्या जपून चालवणाऱ्या व्यक्तीला ती फायद्याची ठरू शकते, कारण एरवी पाच वर्षांनी पटणारी ओळख तिच्यामुळे काही महिन्यांत पटते. मात्र ही माहिती कोण पाहणार, किती काळ ठेवणार आणि दाव्याच्या वेळी ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल का, हे सही करण्याआधी वाचून घ्या.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे आणि सात वर्षांपूर्वीची जुनी गाडी घेतली आहे. केवळ सक्तीचा तृतीय पक्ष विमा घेतला तर चालेल का? की पूर्ण विमा घेऊन वजावट, म्हणजे दाव्यातला स्वतः सोसायचा भाग, वाढवून घेऊ?

उत्तर : गाडीचे आजचे बाजारमूल्य कागदावर लिहा आणि त्याखाली पूर्ण विम्यासाठी द्यावा लागणारा जादा हप्ता लिहा. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर कंपनी बाजारमूल्यातून वजावट कापून जे देईल, ते दोन-तीन वर्षांच्या जादा हप्त्याइतकेच भरत असेल, तर जुन्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा न घेण्यात काही चूक नाही. तृतीय पक्षाच्या विम्याबाबत मात्र तडजोड करू नका. तुमच्या हातून एखाद्या व्यक्तीला कायमचे अपंगत्व आले, तर तिचा उपचार आणि आयुष्यभराची बुडालेली कमाई यांचा बोजा पेलणे कोणत्याही विद्यार्थ्याच्या, किंबहुना कोणत्याही घराच्या आवाक्यातले नसते.

इथे एक गैरसमज दूर करणे फार आवश्यक आहे. तृतीय पक्ष म्हणजे तुम्ही आणि विमा कंपनी सोडून तिसरा माणूस. चूक तुमची असेल आणि पाय तुमचा मोडला असेल, तर त्या विम्यातून तुम्हाला काहीही मिळत नाही. मोटारीत चालकाभोवती पत्रा असतो, मोटारसायकलवर तो स्वतःच सर्वांत पुढे असतो. म्हणून गाडीच्या विम्यात वाचवलेल्या पैशांतून चालकाचा वैयक्तिक अपघात विमा आणि जमल्यास आरोग्य विमा घ्या, आणि मागे कोणी बसत असेल तर त्याला संरक्षण आहे की नाही तेही पॉलिसीत पाहा. गाडी पुन्हा घेता येते.

वजावटीबद्दल साधा नियम पाळा. दाव्याच्या वेळी जी रक्कम तुम्हाला उद्या सकाळी, कोणाकडे हात न पसरता भरता येईल, तेवढीच ऐच्छिक वजावट स्वीकारा. सक्तीची वजावट वेगळी असते आणि काही पॉलिसींत तरुण चालकासाठी आणखी एक वजावट बारीक अक्षरांत जोडलेली असते; या सगळ्यांची बेरीज केल्याशिवाय हप्ता स्वस्त झाला असे समजू नका. हप्ता महिन्यामहिन्याला फेडण्याची सोय घेतली तर त्यावर बहुधा व्याज चढते, तेव्हा शक्य असल्यास वर्षाचा एकदम भरा.

प्रश्न : महाविद्यालय सांभाळून मी संध्याकाळी घरपोच सामान पोहोचवण्याचे काम करतो. माझा विमा खासगी वापराचा आहे. कळवले तर हप्ता वाढेल म्हणून कळवले नाही.

उत्तर : आजच कळवा. मोबदला घेऊन सामान पोहोचवणे हा बहुतेक खासगी पॉलिसींत वगळलेला वापर असतो, आणि दिवसाकाठी पन्नास ठिकाणी थांबणाऱ्या, वेळेशी झुंजणाऱ्या गाडीची जोखीम घर ते महाविद्यालय जाणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त असते. ज्यांच्यासाठी काम करता त्यांनी विमा काढला असल्यास तो नेमका कोणत्या वेळेपुरता आणि कोणासाठी आहे, हे लेखी मागा. सामान हातात असतानाच तो लागू होतो की परत येतानाही, हा प्रश्न जरूर विचारा. वाढीव हप्ता भरून या कामातून काही उरत नसेल, तर ते काम तुम्हाला आजही परवडत नाही, फक्त तो हिशेब अजून पुढे आलेला नाही.

प्रश्न : मागच्या आठवड्यात वळणावर गाडी घसरली. मला खरचटले, गाडीचा इंडिकेटर फुटला आणि क्लचचा लिव्हर वाकला. दावा करावा का?

उत्तर : तुम्ही बचावलात, हे महत्त्वाचे. बाविसाव्या वर्षी मीही असाच एका वळणावर बारीक वाळूवरून घसरलो होतो. उठल्यावर आधी स्वतःकडे न पाहता गाडीकडे पाहिले होते, ते आठवते : लिव्हर आकड्यासारखा वळलेला, फूटरेस्ट वर दुमडलेले आणि इंडिकेटर तारेला लोंबत मिणमिणत होता. दुखापत किरकोळ वाटली तरी डॉक्टरांना दाखवून घ्या, मनगट आणि गुडघा दोन दिवसांनी बोलू लागतात.

दाव्याचा निर्णय हिशेबाने करा. दुरुस्तीचा अंदाज घ्या आणि त्यातून वजावट वजा करा. उरेल तेवढेच तुम्हाला मिळणार आहे. त्यासमोर, दावा केल्यामुळे पुढच्या वर्षी दावा नसल्याची जी सूट जाईल ती लिहा. तरुण चालकाचा मूळ हप्ताच मोठा असल्याने त्यावरची सूटही मोठी असते, आणि ती गेली की पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. एक इंडिकेटर आणि एक लिव्हर यांच्यासाठी हा व्यवहार क्वचितच फायद्याचा ठरतो. स्वतः खर्च करा. मात्र दावा करायचा नसला तरी घटना कळवणे पॉलिसीत बंधनकारक आहे का, ते पाहा. आणि त्या अपघातात दुसऱ्या कोणाला धक्का लागला असेल, मग तो ‘काही नाही, जाऊ द्या’ म्हणून निघून गेलेला असला, तरी कंपनीला त्याच दिवशी कळवा. सहा महिन्यांनी त्याची नोटीस आली, तर उशिरा कळवल्याचे कारण पुढे करून कंपनी हात वर करू शकते.

ही सूट बहुतेक ठिकाणी गाडीची नसून माणसाची असते, हेही लक्षात असू द्या. उद्या ही गाडी विकलीत तर विमा संपवण्यापूर्वी कंपनीकडून सूट किती वर्षांची जमली आहे याचे पत्र घ्या आणि जपून ठेवा. ते किती काळ चालते याची मुदत पत्रावर किंवा पॉलिसीत दिलेली असते. नवी गाडी त्या मुदतीच्या आत घेतलीत, तर साठलेली वर्षे तुमच्याबरोबर नव्या पॉलिसीत येतील.